कठीण काळात स्पोर्ट्स कार चालवण्याचा छंद: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

घरातले माणूस गेल्यानंतर, संसार मोडल्यानंतर, नोकरी सुटल्यानंतर किंवा दीर्घ आजारातून उठताना अनेकांची एकच तक्रार असते: डोक्यातला भुंगा थांबत नाही. हातातल्या पुस्तकाचे पान उलटत नाही, टीव्ही समोर चालू असूनही काय पाहिले ते आठवत नाही आणि भेटायला आलेल्यांशी बोलून झाल्यावर थकवाच अधिक येतो. अशा दिवसांत काही जणांना स्पोर्ट्स कार चालवण्याच्या छंदाने सावरले आहे. अशी गाडी नीट चालवायची असेल, तर दोन्ही हात, दोन्ही पाय, डोळे, कान आणि पाठीला जाणवणारी गाडीची हालचाल या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. आणि पुढचे वळण आपल्या मनःस्थितीची वाट पाहत थांबत नसल्यामुळे त्या अर्ध्या-पाऊण तासात जुने विचार उगाळायला जागाच उरत नाही. दिलासा मिळतो तो या पूर्ण लक्षातून. वेग हा त्याचा एक भाग आहे, आणि तोही लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान भाग. हे ध्यानात ठेवले, तर पुढच्या सगळ्या सूचनांचा उलगडा आपोआप होईल.

पहिली पायरी: किल्ली उचलण्यापूर्वी स्वतःची तपासणी

दुःखात झोप उडते, आणि या छंदातला सर्वांत मोठा धोका इथेच आहे. सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाची प्रतिक्रियाशक्ती रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असे प्रयोगांत आढळलेले आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही मर्यादा आहे. याचा अर्थ असा की रात्रभर तळमळत राहिलेला माणूस पहाटे गाडी काढतो तेव्हा दारूचा थेंबही न घेता तो कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या पलीकडच्या अवस्थेत असू शकतो. म्हणून पहिला नियम साधा आहे: झोप झालेली नसेल, तर गाडी झाकलेलीच राहू द्यावी.

दुसरा प्रश्न औषधांचा. झोपेच्या गोळ्या, चिंता कमी करणारी औषधे, नैराश्यावरील काही औषधे आणि सर्दी-खोकल्यावरची कित्येक साधी औषधेसुद्धा गुंगी आणतात. औषध नव्याने सुरू झाले असेल किंवा त्याची मात्रा बदलली असेल, तर गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. संकोचामुळे हा प्रश्न विचारला जात नाही आणि डॉक्टरही घाईत आपणहून सांगत नाहीत.

तिसरी गोष्ट रागाची. भांडण झाले, वकिलाचा फोन आला, कार्यालयातून पत्र आले आणि पाय आपोआप गाडीकडे वळले, असे होते. ती ओढ समजण्यासारखी आहे; परंतु संतापलेला माणूस गाडी चालवत नाही, तो गाडीवर राग काढतो. अशा वेळी आधी पायी एक फेरी मारून यावे. आणि मनात जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवावा, किल्ली घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्यावी आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर, किंवा आपल्या डॉक्टरांशी, त्याच दिवशी बोलावे. ही सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. छंद उपचाराच्या जोडीला असतो, उपचाराच्या ऐवजी नाही.

दुसरी पायरी: गाडीची निवड

मिहाय चिकसेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणूस एखाद्या कामात पूर्ण बुडून जातो त्या अवस्थेचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्याच्या मांडणीनुसार ती अवस्था येण्यासाठी उद्दिष्ट स्पष्ट असावे लागते, आपण केले ते बरोबर की चूक हे लगेच कळावे लागते आणि समोरचे आव्हान आपल्या कौशल्याच्या जेमतेम पुढे असावे लागते. आव्हान फार मोठे असेल तर भीती वाटते, फार लहान असेल तर कंटाळा येतो. नवशिक्याने सहाशे अश्वशक्तीची गाडी का घेऊ नये, याचे उत्तर यात आहे. ती गाडी दुसऱ्या गिअरमध्येच शंभराचा आकडा ओलांडते आणि चालकाच्या वाट्याला उरते ती पुढचा सगळा वेळ तिला आवरत बसण्याची जबाबदारी. शिवाय आपल्या रस्त्यांवर अशी गाडी प्रत्येक गतिरोधकावर तिरकी घालावी लागते, सिग्नलला मोबाइल घेऊन शूटिंग करणारे शेजारी येतात, आणि ज्याला एकांत हवा आहे त्याची वरात निघते.

हलकी, बेताच्या ताकदीची आणि शक्यतो हाताने गिअर बदलावे लागणारी गाडी या कामासाठी उत्तम. माझ्दा एमएक्स-५ ही १९८९ पासून विकली जाणारी दोन आसनी, उघड्या टपाची गाडी याचे जगभर दिले जाणारे उदाहरण आहे. वजन सुमारे एक टन, इंजिन साधे, मागच्या चाकांना ताकद. भारतात ती अधिकृतपणे विकली जात नाही, पण इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ती वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात सहज मिळते. इथे राहणाऱ्यांनी 'स्पोर्ट्स कार' या शब्दाचा अर्थ थोडा सैल करावा. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली जुनी फोक्सवॅगन पोलो टीएसआय, तिथेच बनणारी १५० पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती) ताकदीची व्हर्टस जीटी, १२० पीएसची ह्युंदाई आय-२० एन लाइन, किंवा चांगली राखलेली जुनी मिनी कूपर यांपैकी कोणतीही गाडी नवशिक्याला पुढची दोन-तीन वर्षे पुरून उरेल. (गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या बॉडीची, १.२ लिटर रेनॉ इंजिनाची दोन आसनी गाडी क्वचित कुठे विकायला येते. मोह होतो, पण सुट्या भागांची शोधाशोध हाच ज्याचा छंद आहे त्याच्यासाठीच ती आहे.)

पैशांबाबत माझे मत ठाम आहे. मोठ्या आघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत विम्याच्या किंवा फंडाच्या पैशातून नवी गाडी घेऊ नये, आणि कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये. त्या काळात दारात जी गाडी उभी आहे तिच्यावर सुरुवात करावी. पुढच्या बहुतेक सूचना वॅगन आरलाही तितक्याच लागू पडतात.

तिसरी पायरी: बसणे

हा भाग लोक सोडून देतात, म्हणून तो सविस्तर लिहितो. गाडी उभी असताना पाठ सीटला पूर्ण टेकवून बसावे आणि क्लच शेवटपर्यंत दाबावा. त्या वेळी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मग खांदे सीटला टेकलेलेच ठेवून हात सरळ पुढे करावा; मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले, तर पाठीचा कोन बरोबर आहे. आपल्याकडे बरेच चालक एक तर छातीशी स्टिअरिंग घेऊन बसतात, नाही तर आरामखुर्चीत पडल्यासारखे. दोन्ही प्रकारांत पुढच्या चाकांकडून स्टिअरिंगमध्ये येणारी सूक्ष्म थरथर हातांना कळत नाही. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी असावेत. डावा पाय क्लचवर विसावू देऊ नये. त्याच्यासाठी बाजूला जागा दिलेली असते, वळणात त्याच जागेवर पाय रोवून शरीर सीटमध्ये घट्ट ठेवता येते. असे बसल्यावर पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे वाटते, पण आठवडाभरात जुन्या पद्धतीने बसणेच चुकीचे वाटू लागते.

चौथी पायरी: टायर आणि ब्रेक

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीभोवती एक सावकाश फेरी मारण्याची सवय लावावी. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. '२३२४' असे असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही खोल दिसली तरी, घाटात नेऊ नये, कारण रबर कडक होऊन पकड गेलेली असते. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी; पावसाळ्यात तीन मिलिमीटरच्या खाली गेली की बदललेले बरे. हवा नेहमी टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने, म्हणजे दाबमापकाने, मोजावी. किती हवी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. पंपावरचा मुलगा सगळ्यांना सरसकट पस्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरतो, ते मान्य करू नये.

गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या द्रवासाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की असा जुना द्रव उकळतो, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी तो बदलावा, आणि शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे असेल तर त्याआधी हमखास बदलावा. कोकणासारख्या दमट हवेत राहणाऱ्यांनी ही मुदत आणखी आखडती घ्यावी.

या कामांचा दिलाशाशी काय संबंध, असे कोणी विचारेल. दुःखाच्या काळात भोवतालच्या एकाही प्रश्नाला ठोस उत्तर नसते. इथे गेजवर एकोणतीस दिसले, चार कमी होते, हवा भरली, तेहतीस झाले. हात काळे झाले, काम संपले. पुष्कळांना गाडी चालवण्याइतकाच या अर्ध्या तासाचाही उपयोग होतो.

पाचवी पायरी: रस्ता, वेळ आणि एक वळण

रस्ता ओळखीचा, मध्यम लांबीचा आणि वळणांचा असावा. समृद्धी महामार्ग या कामासाठी मी सुचवणार नाही. सातशे एक किलोमीटर लांबीच्या त्या सरळ रस्त्यावर १२० च्या मर्यादेत गाडी स्थिर धरली की हातांना काम उरत नाही, मन पुन्हा घरी जाऊन बसते आणि वर डोळ्यांवर झापड येते. याउलट वाईकडून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, पुण्याहून माणगावकडे उतरणारा ताम्हिणी किंवा सावंतवाडीजवळचा आंबोली घाट कमी वेगातही सतत काही ना काही मागत राहतो. रविवारी तिथे फिरकू नये. पर्यटक, मोटारसायकलींचे ताफे आणि कणसांच्या गाड्या यांच्या गर्दीत कोणालाच शांतता मिळत नाही. कामाच्या दिवशी उजाडल्यावर निघावे आणि ऊन चढण्याआधी परतावे. अंधारात निघू नये, कारण घाटात दिवे न लावता उभे राहिलेले ट्रक असतात. जून ते सप्टेंबर दरडी, धुके आणि शेवाळ यांचा विचार करून घाट टाळलेलेच चांगले. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ देणे हा शिष्टाचारही आहे आणि नियमही.

आता वळण. सार्वजनिक रस्त्यावर आपली मार्गिका कधीही सोडायची नाही, हे गृहीत धरून पुढचे वाचावे. वळणाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवावी. तो बिंदू आपल्याकडे येत असल्यासारखा वाटला, तर वळण आवळत चालले आहे आणि वेग अजून कमी करायला हवा. तो आपल्यापुढे पळू लागला, तर वळण उघडत आहे. ब्रेक गाडी सरळ असतानाच लावून संपवावा, आणि पेडल एकदम न सोडता हळूहळू वर येऊ द्यावे. शेजारच्या सीटवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आहे अशी कल्पना करावी. ब्रेक सोडताना त्यातले पाणी सांडता कामा नये. ब्रेकमुळे गाडीचे वजन पुढच्या चाकांवर आलेले असते, ते तिथे थोडेसे शिल्लक असतानाच स्टिअरिंग वळवले की गाडीचे नाक आपसूक आत येते. नजर कठड्यावर नको, बाहेर पडायच्या जागेवर हवी, कारण हात नजरेच्या मागे जातात. स्टिअरिंग सरळ होऊ लागले की तेवढ्याच प्रमाणात ॲक्सिलरेटर द्यावा. एवढेच. हे चाळीसच्या वेगात नीट जमवायला कित्येक महिने लागतात, आणि जमले की नाही हे गाडी त्या क्षणी सांगते.

वेगाचा हिशोबही डोक्यात असू द्यावा. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. आणि थांबवताना ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ८० ला ती ६० च्या पावणेदोन पटीहून अधिक असते. वळणापलीकडे गुरे बसलेली असतील, तर हा फरक पुरेसा ठरतो. रस्त्यावर शर्यत लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ज्याला खरोखर वेग हवा आहे त्याच्यासाठी दुसरी जागा आहे.

सहावी पायरी: ट्रॅक

कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयम येथे कारी मोटर स्पीडवे आहे, शर्यतीच्या गाड्या चालवणारे आणि बनवणारे एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक सुमारे २.१ किलोमीटरचा असून नवशिक्याला पाठ व्हायला सोपा आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे आणि तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब चालवतो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तिथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. महाराष्ट्रातून हे तिन्ही लांब पडतात, त्यामुळे पहिल्या वेळी स्वतःची गाडी नेण्यापेक्षा प्रशिक्षण वर्गात नाव घालून तिथल्याच गाडीवर शिकणे स्वस्त आणि शहाणपणाचे.

ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, पादचारी नाही, रिक्षा नाही. त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत हायसे वाटते आणि लगेच अतिआत्मविश्वास येतो. प्रशिक्षकाला शेजारी बसवावे. झेंड्यांचा अर्थ पाठ करावा: पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा आणि कोणालाही मागे टाकू नका, लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, या, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, तिला जाऊ द्या. वीस मिनिटांचे सत्र नवशिक्याला पुरेसे होते, कारण लक्ष आधी थकते आणि शरीर नंतर. शेवटची फेरी ब्रेक न तापवता सावकाश मारावी, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिले तर डिस्क खराब होते. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावावा. टायरमधली हवा तापून चार-पाच पीएसआय सहज वाढलेली असते, ती सत्र संपल्याबरोबर मोजून ठेवावी. नेहमीचा मोटार विमा ट्रॅकवरचे नुकसान बहुधा भरून देत नाही. पॉलिसीची ती ओळ आधी वाचावी.

युरोपात राहणाऱ्यांना जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटर लांबीच्या जुन्या वळणमार्गाचे आकर्षण असते. ठरावीक वेळांत तिकीट काढून कोणालाही तिथे गाडी घालता येते, मागे टाकायचे ते डावीकडूनच, आणि कठडा मोडला तर त्याचे बिल चालकाला येते. नवशिक्याने तिथे पहिल्या वर्षी जाऊ नये, असे माझे मत आहे.

ज्यांना अपघातामुळे किंवा आजारामुळे शारीरिक मर्यादा आली आहे, त्यांनी आलेस्सांद्रो झनार्दीचे उदाहरण जाणून घ्यावे. सप्टेंबर २००१ मध्ये जर्मनीतल्या लाउझित्झरिंगवरील अपघातात या इटालियन चालकाचे दोन्ही पाय गेले. २००३ मध्ये तो हाताने चालवता येईल अशी बदललेली गाडी घेऊन त्याच ट्रॅकवर परतला आणि त्या दिवशी अपुऱ्या राहिलेल्या तेरा फेऱ्या त्याने पूर्ण केल्या. हाताने चालणारे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर आपल्याकडेही बसवून मिळतात. मात्र त्या बदलाची आरटीओकडे रीतसर नोंद करून घ्यावी लागते.

सातवी पायरी: सोबत

एकट्याने गाडी चालवणे हाच या छंदाचा गाभा असला, तरी महिन्यातून एखाद्या वेळी कोणाला तरी शेजारी बसवावे. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते दोघांचीही नजर रस्त्यावर असताना बोलले जाते. आपल्याकडच्या पुरुषांना तर एरवी रडायची जागाच ठेवलेली नाही. अर्थात असे बोलणे घाट उतरून झाल्यावर, सपाटीच्या रस्त्यावर. दहा-पंधरा गाड्यांच्या सामूहिक सफरींपासून मात्र सुरुवातीला दूर राहावे. पुढच्याच्या मागे राहण्याच्या नादात आपल्या कुवतीपेक्षा अधिक वेग होतो, आणि आपण ज्या कारणासाठी आलो ते बाजूला पडते. जाण्यापूर्वी घरी मार्ग आणि परतण्याची वेळ सांगावी व मोबाइलवर ठावठिकाणा चालू ठेवावा. घाटात रेंज जाते, हेही त्यांना सांगून ठेवावे.

स्वतःची गाडी नसेल, तर कार्टिंगपासून, म्हणजे बंदिस्त ट्रॅकवर छोट्या उघड्या गाड्या चालवण्यापासून, सुरुवात करावी. मुंबईत वडाळ्याला कार्टिंगचा ट्रॅक आहे. दहा मिनिटांत खांदे भरून येतात आणि वळणाचे वर सांगितलेले सगळे नियम तिथे शब्दशः लागू पडतात.

आठवी पायरी: नोंदवही आणि उभी राहिलेली गाडी

प्रत्येक फेरीनंतर वहीत चार ओळी लिहाव्यात: आदल्या रात्रीची झोप, रस्ता, टायरची हवा, आणि ज्या ठिकाणी काळजात धस्स झाले ती जागा. काही आठवड्यांनी वही चाळली की कल दिसतो. धस्स होण्याच्या जागा वाढत असतील, पेट्रोलचा खर्च घरखर्चात शिरत असेल, किंवा घरातल्या एखाद्या बोलण्यापासून पळ काढण्यासाठीच गाडी बाहेर पडत असेल, तर महिनाभर थांबावे.

कधी उलटेही होते. झोप सुधारते, कामात मन लागू लागते, मित्र पुन्हा बोलावू लागतात आणि गाडी दोन-दोन, तीन-तीन आठवडे जागची हलत नाही. त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, पण गाडीची व्यवस्था करावी. बॅटरीला मंद गतीने भारणारा चार्जर जोडून ठेवावा किंवा दर पंधरवड्याला वीस मिनिटे चालवून आणावी. नुसते जागेवर इंजिन सुरू करून बंद केल्याने बॅटरी भरत नाही. टायरमध्ये दोन-तीन पीएसआय हवा जास्त ठेवावी, म्हणजे एका जागी दबून सपाट होत नाहीत. हँडब्रेक सोडून गिअरमध्ये उभी करावी, नाहीतर पावसाळ्यात ब्रेक चिकटतात. आणि बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून पाहावे, कारण उभ्या गाडीच्या वायरिंगवर उंदीर सर्वांत आधी येतात. गॅरेजवाले तंबाखूची पाने ठेवायला सांगतात, पण झाकणाऐवजी उजेडात आणि मोकळ्या जागी उभी केलेली गाडी उंदरांना अधिक गैरसोयीची वाटते.